माया

शिवणकामात माया म्हणजे
शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड.
बाहेरून दिसत नाही, लागेल तेव्हा उसवायचं.
गिऱ्हाइकाला मी हे सांगत बसत नाही, नुसती ठेवते:
पोरांच्या कपड्यांना दोन बोटं जास्त.

बिबवेवाडीत, जिन्याखाली, माझं दुकान.
एक मशीन, एक पंखा, एक लाल रेघांची वही.
मे संपत आला की गणवेशांचे गठ्ठे येतात
आणि वहीत पोरं वाढायला लागतात.

बोऱ्हाड्यांची जुळी, कस्तुरी आणि यशोधन.
पाचवीपर्यंत दोघांची एकच ओळ लिहायचे मी,
पुढे शेरा: सारखी.
सहावीच्या जूनमध्ये त्या ओळीच्या दोन झाल्या.
ती चार बोटं वर गेलेली, तो होता तिथेच.
टेप लावला, तर हा टाचा उचलून उभा.
"खाली टेक."
टेकला. डोळे भरले.
मी पाऊण इंच वाढवून लिहिलं.
आमच्या वहीत तेवढं खोटं चालतं.

सातवीत, गॅदरिंगच्या आधी, कस्तुरी एकटीच आली,
भर दुपारी, कमरेला स्वेटर बांधून.
"काकू, स्कर्टला आतून खिसा लावाल?
कुणाला दिसणार नाही असा?"
केवढा, विचारलं.
तिनं तळहात पुढे केला, बोटं जुळवून.
मी समजले.
मी समजले, हे तीही समजली.
पंख्याचा तेवढा आवाज.

मला हा खिसा कुणी लावला नव्हता.
आईनं जुन्या लुगड्याचं फडकं हातात दिलं,
म्हणाली, आजपासून फ्रॉक बंद.
एवढंच माझं शास्त्र.
त्या वर्षी मी खांदे पाडून चालायला शिकले,
पुढे पुढे वाकून, अंग आत चोरून.
ते पोक अजून आहे.
लोकांना वाटतं, मशीनवर बसून आलंय.

म्हणून म्हटलं, सरळ उभी राहा, कस्तुरी.
खांदे मागे घे, माप चुकेल नाहीतर.
माप केव्हाच घेऊन झालं होतं.

तेव्हापासून पाचवीच्या पुढच्या
प्रत्येक स्कर्टला आतून खिसा. बिलात लिहीत नाही.
एका आईनं विचारलं, हे काय नवीन काढलंय?
म्हटलं, बसच्या पासाला.
तिनं आत बोटं घालून पाहिली,
मग म्हणाली, मोठीच्या दोन स्कर्टनाही लावून द्या.

यशोधन आला तो नववीत, दारात वाकून.
हनुवटीवर तीन पुळ्या,
ओठावर पेन्सिल आडवी धरून घासल्यासारखी छटा.
"काकू," म्हणाला.
त्यातला "का" अजून पाचवीतला,
आणि "कू" नदीपात्रात सरावाला आणलेल्या ढोलासारखा,
दोरी नीट न आवळलेला.
कानापर्यंत लाल झाला.
पुढचं सगळं खुणांनी: इथे आखूड, इथे घट्ट.
हात मात्र अंगाशी गच्च धरलेले.

"हात वर कर, बाही मोजायचीय."
नाही.
"अरे, घाम सगळ्यांनाच येतो या वयात.
रोज साबण लाव, पुसून कोरडं कर, झालं."
मग केला वर, हळूहळू,
उत्तर नक्की येत नसताना वर्गात करतात तसा.

पँट उसवली. होती नव्हती ती माया सगळी सोडली.
आतलं कापड निघालं गडद निळं,
अप्पा बळवंत चौकातून आणलं त्या दिवसाचं.
वरची सगळी पँट धुऊन धुऊन पांढुरकी.
"काकू, ही पट्टी दिसेल,"
हे कुठल्यातरी तिसऱ्याच आवाजात.
दिसेल, म्हटलं. थोडे दिवस दिसणारच.

तीस रुपये झाले. त्याच्याकडे सुटे नव्हते.
"कस्तुरी देईल," म्हणाला
आणि "देईल"वर आवाज पुन्हा निसटला.
बाहेर सायकल धरून ती उभी होती, ताठ,
ती फस्सकन हसली.
तो तिच्याकडे बघत राहिला, वरून, पहिल्यांदाच वरून,
आणि मग तोही.